फिजीत मिशनसेवा: सेवुसेवुला कावा घ्यावा का?

अबोली१७:
आमच्या मंडळीतर्फे दोघं जण दोन वर्षांसाठी फिजीला निघालेत. विती लेवू बेटाच्या आतल्या, डोंगरातल्या गावात मुक्काम आहे. गावात शिरताना गावप्रमुखापुढे यांगोनाची, म्हणजे कावाची मुळं ठेवून सेवुसेवु करावं लागतं असं कळलं. आमचे पाळकसाहेब म्हणतात हा पूर्वजांचा नैवेद्य, हात लावायचा नाही. तिथले ख्रिस्ती मात्र त्या मुळांचं पेय सर्रास पितात. काय धरायचं? आणि नको म्हणायचं तर कसं?

गलबत:
पाळकसाहेब हवेत बोलत नाहीयेत. मिशनरी येण्याआधी पुजाऱ्याच्या अंगात देव यायचा, त्या विधीत यांगोना असायचाच. पण १८५४ मध्ये धाकोम्बाऊ हा फिजीतला बलाढ्य प्रमुख ख्रिस्ती झाला, मेथडिस्ट मंडळी गावोगाव रुजली आणि कावा देवळातून बैठकीत आला. आज सेवुसेवु म्हणजे गावात येण्याची परवानगी मागणं आणि ती मिळणं. वाटीआधी येशूच्या नावाने प्रार्थना होते अशी कितीतरी गावं आहेत.

मेख आहे ती 'वानुआ' या शब्दात. जमीन, माणसं आणि त्यांचे पूर्वज, सगळंच त्यात येतं. म्हणून तुमच्या वतीने जो स्थानिक माणूस बोलणार आहे त्याला आदल्या दिवशीच विचारा, तू नेमकं काय म्हणणार आहेस? बोलणं प्रमुखाला आणि गावाला उद्देशून असेल तर माझ्या मते अडचण नाही. पूर्वजांना आवाहन असेल तर ते शब्द वगळायला आधीच सांगता येतं. ऐन बैठकीत नाही.

सुकाणू:
पद्धत सांगतो, कारण गडबड इथेच होते. साधारण अर्धा किलो 'वाका', म्हणजे मुळं, जुडी बांधून न्या. खोडाकडचा भाग स्वस्त पडतो, पण त्याला तेवढा मान नाही. आधी तुरांगा नी कोरो या गावच्या कारभाऱ्याला गाठा, तो पुढे नेतो. रविवार टाळा.

अंगावर गुडघ्याखाली येणारा सुलू, म्हणजे कमरेला गुंडाळायचं लुंगीसारखं वस्त्र. टोपी आणि डोक्यावर चढवलेला गॉगल वेशीवरच काढायचा, पिशवी खांद्यावर न अडकवता हातात धरायची. चपला दाराबाहेर. जुडी कुणाच्या हातात द्यायची नाही, चटईवर पुढ्यात ठेवायची. बसलेल्यांमधून जाताना वाकून 'तुलोऊ', म्हणजे 'माफ करा', म्हणायचं. तानोआकडे, म्हणजे कावाच्या लाकडी परातीकडे, पाय पसरायचे नाहीत.

बिलो, म्हणजे करवंटीची वाटी, समोर आली की तळवे खोलगट करून एक टाळी. आवाज घुमला पाहिजे, फट् असा नको. 'बुला' म्हणायचं, एका दमात प्यायचं, वाटी परत द्यायची, मग तीन टाळ्या. चहासारखे घुटके घेत बसलात तर सगळे खोळंबतात, वाटी बहुधा एकच फिरत असते.

जीभ बधिर होते, घाबरू नका. झोपेच्या गोळ्या चालू असतील किंवा यकृताचा त्रास असेल तर मात्र अजिबात नको, आणि पिऊन गाडी चालवायची नाही.

अबोली१७:
आणि प्यायचाच नसेल तर?

सुकाणू:
जुडी द्या, वाटी नाकारा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिस्ती कावा घेत नाहीत हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे 'आमच्या लोटूत चालत नाही' एवढं पुरतं. लोटू म्हणजे धर्म, उपासना. फक्त कावा कालवायला घेण्याआधी सांगा. भरलेली वाटी परत फिरवली की देणाऱ्याचं तोंड उतरतं.

कोरांटी:
कावावर एवढी चर्चा, पण खरा सापळा ताम्बुआ! देवमाशाचा दात, दोरीला ओवलेला. तो कुणी दोन्ही हातांनी पुढे केला तर मागणी आधी नीट समजून घ्या, कारण दात स्वीकारला म्हणजे मागणी मान्य. मुलाची फी, वाद मिटवणं, काहीही असू शकतं. भेट समजून पिशवीत टाकू नका. आणि परवान्याशिवाय तो देशाबाहेर नेता येत नाही.

दुसरं, कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, लहान पोरांच्याही. याच डोंगरात १८६७ मध्ये थॉमस बेकर हा मिशनरी मारला गेला. त्याने प्रमुखाच्या केसांतला कंगवा ओढला अशी गोष्ट सांगतात. २००३ मध्ये त्या गावाने बेकरच्या वंशजांची रीतसर माफी मागितली.

उच्चारांचंही बघा. १८३५ मध्ये लाकेम्बा बेटावर उतरलेल्या क्रॉस आणि कार्गिल या मिशनऱ्यांनी फिजीच्या भाषेसाठी बसवलेली रोमन लिपी आहे: 'बी' म्हणजे म्ब, 'डी' म्हणजे न्द, 'क्यू' म्हणजे 'रंग'मधला ङ्ग. लिहिलेलं नादी, वाचायचं नान्दी. देवनागरीत टिपून ठेवलंत तर बायबलवाचनाला चुकणार नाही.

गलबत:
एक राहिलं. फिजीत १८७९ पासून आलेल्या गिरमिटियांचे, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचे, वंशजही आहेत, पुष्कळसे हिंदू. त्यांच्याकडे प्रसाद पुढे येईल. तिथे १ करिंथ १०:२५ ते २८ उघडा: पुढे वाढलेलं चौकशी न करता खा, पण 'हे मूर्तीला दाखवलेलं आहे' असं कुणी सांगितलं तर खाऊ नका, तेही सांगणाऱ्यासाठी. प्रसाद म्हणून दिला तर हात जोडून नको म्हणा, नंतर पंगतीला मात्र बसा.