चौथीच्या पोरांना डायोड कशाला? हे माझं उत्तर

खाडीकाठचा मास्तर :
काल इथे कुणीतरी लिहिलं, "प्राथमिक शाळेत डायोड म्हणजे पालकांपुढचा देखावा. बल्ब पेटवून दाखवा, पुरे." चीड आली. डायोड म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, आणि एलईडी हा उजेड देणारा डायोडच. मी वर्गात ३ व्होल्टचा बटणसेल आणि लाल एलईडी दिला. लांब पाय अधिकला, पेटला. उलटा धरला, विझला. "असं का?" हे पोरांनीच विचारलं. मी म्हटलं, आपली खारबंदिस्तीची उघाडी आठवा, खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधातलं झापेचं दार. ओहोटीला आतलं पाणी झाप ढकलून खाडीत जातं, भरतीला खाडीच झाप दाबून बंद करते. पोरांना लगेच कळलं. यात देखावा कुठला?

निवृत्त गुरुजी :
ते लिहिणारा मीच, आणि अजून त्यावर ठाम आहे. दीड व्होल्टच्या एका सेलवर एलईडी सरळ जोडूनही पेटत नाही. लालला दोनच्या आसपास व्होल्ट लागतात, पांढऱ्याला तीनच्या. हे उघाडीत कुठे बसतं? आधी भागाकार येऊ दे.

बांधावरचा :
उघाडीचं नाव काढलंत म्हणून लिहितो. आमच्या उघाडीची झाप कुजलीय. उधाणाचं पाणी थेट भातात. शेतात तिवरं, खाडीतली झाडं, उगवलीत! १९७९ पासून खारजमिनीचा कायदा आहे, पण अर्ज दिला की कार्यालयातून एकच उत्तर, निधी नाही.

पेणकर :
सगळं सरकारने करायचं? पूर्वी जोळ होती, म्हणजे गावाने मिळून बांध राखायचा; घरटी माणूस बांधावर चिखल टाकायला यायचा. आता फक्त अर्ज.

बांधावरचा :
घरटी माणूस आणू कुठून? पोरं मुंबईत, घरी म्हातारी आई. तुमची स्वतःची जमीन बुडाली असती तर असं बोलला नसता. माझ्या वडिलांनी रात्री कंदील घेऊन बांधाला पडलेली खांड, म्हणजे भगदाड, बुजवलीय. आम्हाला जोळ शिकवू नका.

पेणकर :
माझीही दोन एकर पडीकच आहे, भाऊ. म्हणूनच जीव तुटतो.

खाडीकाठचा मास्तर :
गुरुजी, झाप जड असते. आतलं पाणी जरा चढल्याशिवाय ती हलत नाही, साध्या सिलिकॉन डायोडलाही सुमारे ०.७ व्होल्ट लागतातच. आणि कुजलेली झाप म्हणजे शॉर्ट झालेला डायोड, दोन्हीकडून सोडणारा. रस्त्यावरच्या सोलर दिव्यातला डायोड असा बिघडला तर रात्री बॅटरी उलटी पॅनेलमधून रिकामी होऊ लागते. हे पोरांना का कळू नये?

निवृत्त गुरुजी :
झापेच्या वजनाचं पटलं, तेवढंच. पण आधी साधा बल्ब दोन्ही बाजूंनी जोडून दाखवा. तो कसाही पेटतो हे पाहिल्याशिवाय एलईडीचं नवल कळणार नाही. पेन्सिलसेल वापरलेत तर मध्ये वीजप्रवाह आवरणारा रेझिस्टर हवाच. घरच्या प्लगजवळ कुणी जायचं नाही, हे पहिल्याच तासाला बजावा. पाचवीच्या आधी हे नकोच, हे मत कायम.

बांधावरचा :
तुमचं चालू द्या. अर्ज पुन्हा लिहितोय, शेतकऱ्यांच्या सह्या हव्यात. पेणकर, तुम्ही करणार का?