आजी म्हणाली ‘डोळे फिरतात’, डॉक्टरांनी पाठवलं डोळ्यांच्या विभागात. चूक कुणाची?

पूर्वभागवाली
मागच्या महिन्यात आजीला सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. ती लहानपणापासून विड्या वळतेय, मराठी येतं ते बाजारापुरतं. मी गाडी लावून वर जाईस्तोवर तिचा नंबर लागून गेलेला. ‘काय होतंय?’ असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘डोळे फिरतात.’ आमच्या तेलुगूत चक्कर येते म्हणायचं तर ‘कंड्लु तिरुगुतुन्नय’, म्हणजे शब्दशः डोळे फिरतायत. दीड तास आम्ही डोळ्यांच्या रांगेत बसलो. शेवटी तिथल्या एका सिस्टरनं बीपी बघितला. वरचा 190.

आता ती तिथं पाऊल टाकायला तयार नाही. अशोक चौकाजवळच्या जुन्या दवाखान्यातच जाते, कारण तिथले डॉक्टर ‘एम्मा, एट्लुन्नव?’ म्हणून विचारतात. त्यांची पदवी काय, हे तिनं आजवर बघितलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच: सोलापुरात नोकरी करणाऱ्या डॉक्टरला पन्नास शब्द तेलुगू आणि पन्नास कन्नड यायलाच पाहिजेत. आम्ही काल आलेलो नाही, इथं आमची ही चौथी पिढी. डॉ. कोटणीस याच गावचे. 1938 साली चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि तिच्यात रुग्णांशी बोलायला लागले. आणि इथल्यांना आमचा पूर्व भाग, गावातलीच तेलुगू वस्ती, लांब पडतो!

रात्रपाळी
कोटणीसांचं नाव आलं की आम्ही डॉक्टरांनी गप्प बसायचं, हे ठरलेलंच. ताई, आजींच्या बाबतीत झालं ते चूकच. चक्कर असो नसो, त्या वयात आधी बीपी बघायचा असतो. भाषेमागे लपायला तिथं जागा नाही.

पण मीही परगावचाच, बुलढाण्याचा. तीन वर्षांनी जाणार. एका सकाळी समोर तेलुगू, कन्नड, उर्दू, लमाणी, सगळं येतं. 2019 पासून एमबीबीएसच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा आहे. स्थानिक म्हणजे इथं मराठी. तेलुगू शिकवणार कोण?

आणि ‘आपल्या भाषेत बोलतो’ यावर एवढा भरवसा ठेवू नका. गुडघेदुखीसाठी एक बाई वर्षभर अशाच ‘आपल्या’ माणसाकडून सुई घेत होत्या. आमच्याकडे आल्या तेव्हा तोंड गोल सुजलेलं, साखर चढलेली. स्टेरॉइड होतं. ते एकदम थांबवताही येत नाही, हळूहळूच उतरवावं लागतं. ‘तुमच्यापेक्षा तो बरा, लगेच आराम पडायचा,’ हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं.

कडक भाकरी
बास की बे. चार पिढ्या इथं राहून मराठी येत नाही, त्याचं कोण बोलणार? डॉक्टरनं किती भाषा शिकायच्या? पेशंटनं एक शिकावी की.

पूर्वभागवाली
कुठं शिकणार, दादा? हजार विड्यांवर मजुरी. सूप मांडीवर घेतलं की मान वर होत नाही. शेजारीण तेलुगू, विडी कंपनीच्या ब्रँचवर माल घेणारा तेलुगू, देवळातला पुजारीही तेलुगूच. मला मराठी येतं कारण मला शाळेत घातलं. तिला सातव्या वर्षी पानं कापायला बसवलं.

हुतात्मावाला
मी सोलापूरचा, सहा वर्षं पुण्यात. गेल्या दिवाळीत दाढ काढायला हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरला आलो. हसा. पुण्यातला डॉक्टर चांगलं मराठी बोलतो, माझ्यापेक्षा चांगलं. तरी त्यानं तीन तपासण्या लिहिल्या की वाटतं, कापलालाय. त्याच तपासण्या आमचे गल्लीतले डॉक्टर लिहितात तेव्हा वाटतं, काळजी करलालेत. त्यांनी माझ्या आजोबांचा दमा बघितलाय. त्यामुळं भाषा आली म्हणून भरवसा येईल, हे मला पटत नाही.

निवृत्त सिस्टर
सगळे भाषेवर भांडताय, वेळेचं कुणी बोलत नाही. मोठ्या दवाखान्याची ओपीडी सकाळी. यंत्रमागावरच्या माणसानं ती गाठायची म्हणजे दिवसाची मजुरी गेली. गल्लीतला डॉक्टर रात्री नऊला उघडा असतो, उधारी वहीत मांडतो. भरवसा तिथं बसतो. कुंभारीला रे नगर या कामगारांच्या वसाहतीत 2024 च्या जानेवारीत पंधरा हजार घरं दिली. तिथं गेलेल्या बायका अजून बस धरून जुन्या डॉक्टरकडं येतात. त्याही स्थलांतरितच की, भले काही किलोमीटरवरच्या!

बाहेरच्या राज्यातून आलेल्या पोरांचं तर विचारूच नका. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यात चालतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ताप अंगावर काढतात आणि गावी जाऊन दाखवतात.

आणि रात्रपाळी, तुम्हाला एक सांगते. आमच्या वॉर्डात आम्ही भिंतीवर कागद चिकटवला होता. ‘कडुपु नोप्पी’ म्हणजे पोटदुखी. ‘आयासम्’ म्हणजे धाप. हा दुसरा शब्द फार फसवा. मराठी डॉक्टर ऐकतो ‘आयास’ आणि लिहितो थकवा. विडीवाल्या बाईला धाप लागली असेल तर छाती तपासायची, टॉनिक नाही द्यायचं.

रात्रपाळी
‘आयासम्’. खरं सांगतो, मी थकवाच लिहिलाय. एकदा नाही. तो कागद कुठं मिळेल?

निवृत्त सिस्टर
रंगकाम झालं तेव्हा फाडला.

कडक भाकरी
आणि कागदानं तो सुईवाला बंद होणार का? त्याच्यावर कारवाई कोण करणार, ते बोला आधी.

रात्रपाळी
ते तुमचं बरोबर आहे. पण उद्या सकाळी आठला मी ओपीडीत बसणार आहे. पूर्वभागवाली ताई, छातीत दुखतं याला काय म्हणतात? आणि ‘कधीपासून’?

पूर्वभागवाली
मी सांगेन ते पुस्तकी होईल. आजीच्या तोंडचं विचारून टाकते. आत्ता झोपलीय.