कण्हेरच्या पाण्यावर शिडांच्या होड्यांचा क्लब : सभासद टिकवावेत कसे?

वेण्णाकाठ (सातारा) :

सर्वांना नमस्कार. साताऱ्यातील आम्ही काही जणांनी कण्हेर धरणाच्या जलाशयावर शिडांच्या होड्या चालविण्याचा एक छोटा क्लब सुरू केला आहे. संस्थेची नोंदणी आणि जलसंपदा विभागाची परवानगी ही दोन्ही कामे वेळखाऊ होती, परंतु ती पार पडली. आमच्याकडे मुलांसाठी काही ऑप्टिमिस्ट, मोठ्यांसाठी दोन लेझर, एक जुनी दोघांची एंटरप्राइज (ही तिन्ही शिडाच्या होड्यांच्या जातींची नावे) आणि इंजिनाची एक बचाव होडी एवढेच साहित्य आहे.

अडचण होड्यांची नसून माणसांची आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा वेण्णेच्या खोऱ्यातून थेट जलाशयावर उतरतो, तेव्हा उत्साह दांडगा असतो. दिवाळीनंतर सकाळी पाणी आरशासारखे स्थिर राहते, वारा दुपारी उशिरा आणि तोही जेमतेम उठतो, आणि तेव्हापासून सभासद गळू लागतात. त्यातही बहुतेक जण एक फेरी मारायची, छायाचित्र काढायचे आणि जेवणाच्या वेळेला घरी परतायचे, अशा बेताने येतात. कोयनेच्या शिवसागरावर मुनावळे येथे शासनाने जलपर्यटन सुरू केल्यापासून तर पुष्कळांना आमचा क्लब म्हणजे तसेच तिकीट काढून बसण्याचे ठिकाण वाटते. ज्यांनी असे क्लब जवळून पाहिले आहेत, त्यांनी कृपया सांगावे की वर्षभराचे कार्यक्रम कसे आखावेत, शर्यती घ्याव्यात की नाही, आणि ज्यांना स्वतः होडी चालवायची नाही अशा घरच्या मंडळींना या कामात कसे सामावून घ्यावे.

निवृत्त नाविक (कोरेगाव) :

आपण सभासदांना होडी देत आहात, पण काम देत नाही, असे आपल्या लिहिण्यावरून दिसते. जुन्या क्लबांमध्ये प्रत्येक सभासदाला पाळी लागते. एका रविवारी तो शर्यतीत उतरतो, तर पुढच्या रविवारी बचाव होडीवर बसतो, शर्यतीच्या मार्गावर बोये (तरंगत्या खुणा) टाकतो किंवा किनाऱ्यावर घड्याळ आणि वही घेऊन उभा राहतो. पाळी चुकविणाऱ्याला पुढच्या शर्यतीत भाग नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून आणि अध्यक्षांनाही लागू असावा. पगारी माणसे नेमून क्लब चालविण्याइतकी वर्गणी साताऱ्यात जमणार नाही, आणि जमली तरी तसे करू नये, कारण मग सभासद गिऱ्हाईक होऊन बसतात.

शर्यती अवश्य घ्याव्यात, पण लहान घ्याव्यात. अर्ध्या-पाऊण तासाच्या दोन शर्यती एका लांबलचक शर्यतीपेक्षा बऱ्या, कारण पहिलीत मागे पडलेल्याला त्याच दिवशी पुन्हा संधी मिळते. सुरुवातीची पद्धत जगभर एकच आहे : पाच मिनिटे आधी इशारा, चार मिनिटांवर तयारीची खूण, एक मिनिटावर तिसरी आणि शून्यावर प्रारंभ. प्रत्येक वेळी निशाण आणि आवाज दोन्ही असतात, मात्र वेळ निशाणावरून धरायची, कारण आवाज वाऱ्याच्या दिशेप्रमाणे उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतही नाही. नवख्यांना नियमांचे पुस्तक हाती देऊ नये. दोन नियम पाठ झाले तरी पहिला हंगाम निभतो. डाव्या अंगावर वारा घेऊन चाललेल्या होडीने उजव्या अंगावर वारा घेतलेल्या होडीला वाट द्यायची; आणि दोघींचे अंग एकच असेल व त्या एकमेकींच्या बाजूला आल्या असतील, तर वाऱ्याकडच्या होडीने दुसऱ्या होडीपासून दूर राहायचे.

आपल्याकडे तीन जातींच्या होड्या असल्यामुळे सर्वांना एकत्र पळविले तर मुले नेहमीच शेवटी येतील. त्यासाठी ब्रिटनमध्ये रूढ असलेली पोर्ट्समथ पद्धत वापरावी. तीत प्रत्येक जातीला एक आकडा दिलेला असतो, होडी जितकी संथ तितका तो मोठा. लागलेल्या वेळेला हजाराने गुणून त्या आकड्याने भागले की सुधारित वेळ मिळते. हिशेबाच्या सोयीसाठी लेझरचा आकडा १,१०० आणि ऑप्टिमिस्टचा १,६५० धरला, तर ४४ मिनिटांत आलेली लेझर आणि ६६ मिनिटांत आलेली ऑप्टिमिस्ट या दोघींची सुधारित वेळ बरोबर ४० मिनिटे येते. बारा वर्षांच्या मुलीने शाळेतल्या सरांशी बरोबरी केली, असा निकाल फलकावर लागला की पुढच्या रविवारी दोघेही येतात. निकाल त्याच दिवशी, चहाच्या वेळी लागला पाहिजे; आठवडा उलटल्यावर तो कोणी वाचत नाही.

हिवाळ्यातल्या मंद वाऱ्याला कमी लेखू नये. हलक्या वाऱ्यात वजन कोठे ठेवावे, शीड किती सैल सोडावे आणि वारा जेथे आहे ती पाण्यावरची पुढची गडद पट्टी कशी ओळखावी, हे जितके चांगले शिकता येते तितके जोराच्या वाऱ्यात शिकता येत नाही. फक्त सकाळी सातला माणसे बोलावू नयेत, दुपारी तीनला बोलवावीत.

शीड आणि सावली (पुणे, माहेर वाई) :

वरील प्रतिसादातील पाळीची पद्धत मला मान्य आहे, पण शर्यतींभोवतीच सगळा क्लब उभा करण्याला माझा विरोध आहे. माझी दोन्ही मुले खडकवासल्याच्या पाण्यावर शिकली. तेथे वरचेवर पाहिले आहे की शर्यतीचे वेड ज्यांना लागते ते टिकतात, परंतु चाळिशीच्या पुढे शिकायला आलेल्या बायका आणि पुरुष पहिल्या दोन-तीन पराभवांनंतर हळूच येणे सोडतात, आणि त्यांची कोणी चौकशीही करीत नाही. महिन्यातून एक रविवार बिनशर्यतीचा ठेवावा : सगळ्या होड्यांनी मिळून पलीकडच्या काठापर्यंत जायचे, तेथे डबे खायचे आणि वारा असेतो परत यायचे. त्या दिवशी जाणत्याने नवख्याबरोबर एंटरप्राइजमध्ये बसावे. ती दोघांची होडी असल्यामुळे शिकविण्याला तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही.

मुलांविषयी थोडे विस्ताराने लिहिते. ऑप्टिमिस्ट ही होडी १९४७ साली अमेरिकेतील फ्लोरिडामध्ये क्लार्क मिल्स यांनी मुद्दाम मुलांसाठी, साध्या प्लायवूडमध्ये घरीही बांधता येईल अशी आखली. ती सुमारे २.३ मीटर लांब आणि ३५ किलो वजनाची असते, आणि तिच्या स्पर्धा वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंतच खेळता येतात. मुलांना पहिल्या दिवशी शीड बांधायला शिकविण्यापूर्वी होडी मुद्दाम उलटी करून पुन्हा सरळ करायला शिकवावे, तेही काठाजवळ, लाइफ जॅकेट घालून आणि शेजारी बचाव होडी ठेवून. एकदा पाण्यात पडून वर आले की भीती जाते, आणि मुख्य म्हणजे आईवडिलांचीही जाते. मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातील नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळविले. समुद्रापासून दूरच्या मुलांना हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्या पालकांना हे उदाहरण अवश्य सांगावे.

पालकांना गाडीत बसून मोबाइल पाहू देऊ नये. वेळ टिपणे, नावनोंदणी, परत आलेल्या प्रत्येक होडीपुढे खूण करणे ही कामे त्यांची. शेवटचे काम दिसते तितके क्षुल्लक नाही. कोण पाण्यावर आहे आणि कोण बाहेर आले, हे एका माणसाला कोणत्याही क्षणी सांगता आले पाहिजे. त्याच वेळी पालकांनी काठावरून मुलांना ओरडून सूचना देऊ नयेत, असा फलकही लावावा. तो कोणी पाळणार नाही, तरी लावावा.

आणखी एक गोष्ट कोणी विचारली नाही, म्हणून मीच लिहिते. मुली आणि स्त्रिया क्लबात टिकाव्यात असे वाटत असेल, तर पुढची होडी घेण्याआधी कपडे बदलण्याची बंद खोली आणि स्वच्छतागृह बांधावे. ओल्या कपड्यांनी गाडीपर्यंत चालत जावे लागते म्हणून कितीतरी मुलींनी हा खेळ सोडला आहे. कारण विचारले की त्या अभ्यासाचे नाव सांगतात.

जावळीकर :

आमचे गाव धरणाच्या काठावर आहे आणि आमची जुनी जमीन पाण्याखाली आहे. क्लबाला विरोध नाही. परंतु आपल्या प्रश्नात गावाचा उल्लेख कोठेही नाही, ही गोष्ट खटकली.

जलाशयात मच्छीमारांची जाळी असतात. आपला बोया आणि जाळ्याचा तरंगता डबा यांतला फरक शहरातून आलेल्या सभासदाला कळत नाही, आणि होडीच्या खालची फळी जाळ्यात अडकली की जाळे फाटते. शर्यतीची आखणी आदल्या दिवशी मच्छीमार संस्थेला कळवावी आणि नुकसान झाले तर त्याच दिवशी भरून द्यावे. मार्चनंतर पाणी उतरू लागते, तेव्हा जुने बांध, विहिरींचे कठडे आणि झाडांची खोडे पाण्याच्या पृष्ठभागाखाली हातभर अंतरावर येतात. ती कोठे आहेत हे गावातल्या माणसांना पाठ आहे. बचाव होडीवर गावातला एक तरुण मानधन देऊन ठेवावा आणि काठावरच्या शाळेतील मुलांना विनाशुल्क शिकवावे. गावाची मुले होडीत बसली की होड्यांची राखण वेगळी करावी लागत नाही.

कृष्णाकाठचा वल्हेकरी (सांगली) :

आम्ही वल्ह्यांची माणसे, शिडाची नव्हे. सांगलीत कृष्णेचे पात्र खोल आणि काठ उंच असल्यामुळे वारा पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. शिडाला धरणच हवे, यात शंका नाही. तरीही क्लब कसा जगतो याबद्दल आमच्याकडच्या होड्यांच्या शर्यतींवरून थोडे सांगता येईल. सांगली आणि सांगलीवाडीच्या शर्यतींना काठावर जी गर्दी लोटते, तिच्यातल्या बहुतेकांनी वल्हे कधी हातात धरलेले नसते, पण कोणती होडी कोणत्या मंडळाची आणि गेल्या वेळी कोण कोणाला हरवून गेले हे त्यांना तोंडपाठ असते. शिडांच्या शर्यतीत मात्र काठावरच्या माणसाला कोण पुढे आहे हेच समजत नाही, कारण वाऱ्याच्या तोंडावर जाणाऱ्या होड्या नागमोडी चालतात आणि एकमेकींच्या उलट दिशांना पळताना दिसतात. म्हणून एक जाणता माणूस ध्वनिक्षेपक घेऊन उभा करावा. पहिला बोया काठाजवळून दिसेल असा टाकावा. वर्षातून एक शर्यत गावाच्या यात्रेच्या सुमारास ठेवून निशाण सरपंचांच्या हस्ते खाली घ्यावे. साध्या गोष्टी आहेत, पण यांनीच क्लब गावाचा होतो.

दुसरा मुद्दा पुराचा. २००५ आणि २०१९ चे महापूर आम्ही पाहिले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. त्याच पुरात ब्रह्मनाळ येथे लोकांना नेणारी होडी उलटून जीव गेले. तेव्हापासून मला असे वाटते की पाण्यावरच्या प्रत्येक क्लबाने होडीत किती माणसे घ्यावीत, लाइफ जॅकेट कसे बांधावे, दोर कसा फेकावा आणि वाहत्या पाण्यात इंजिनाची होडी कशी वळवावी, याचे वर्ग मे महिन्यात घ्यावेत आणि ते गावकऱ्यांना खुले ठेवावेत. शिडाची होडी पुरात काही कामाची नाही, पण बचाव होडी चालविणारा तयार हात फार कामाचा असतो. मे महिन्यात आपल्याकडे पाणीही कमी असणार, तेव्हा रिकामा काळ असा भरून काढता येईल. फायबरची डागडुजी आणि दोरांना सांधे घालणे हीही त्याच दिवसांतली कामे.

वेण्णाकाठ (सातारा) :

सर्वांचे आभार. जावळीकर यांचा आक्षेप रास्त आहे. पुढच्या बैठकीला मच्छीमार संस्थेच्या प्रतिनिधींना बोलावीत आहोत आणि बचाव होडीवरील तरुणाचा विषय तेथेच मांडू. पाळीचा तक्ता तयार होत आहे. कपडे बदलण्याच्या खोलीबद्दल आमच्या समितीत, जिच्यात सगळे पुरुषच आहेत, आजवर एकदाही चर्चा झाली नव्हती. नव्या लेझरसाठी बाजूला ठेवलेली रक्कम आता तिकडे वळवावी, असा ठराव मांडत आहे. शर्यती पंधरवड्याला आणि मधला एक रविवार सहलीचा, असे सध्या ठरत आहे.

एक शंका राहते. एप्रिल-मेमध्ये दुपारी वारा चांगला असतो, पण वळवाची भीतीही तेव्हाच असते. होड्या पाण्यावरून परत केव्हा बोलवाव्यात?

निवृत्त नाविक (कोरेगाव) :

पहिला गडगडाट ऐकू येताच, पाऊस कितीही लांब दिसत असला तरी. ॲल्युमिनियमची डोलकाठी ही मोकळ्या पाण्यावरची सर्वांत उंच वस्तू असते. ढग येण्यापूर्वी वारा अचानक पडला आणि वेगळ्या दिशेकडून गार झुळूक आली, तर गडगडाटाचीही वाट पाहू नये. वळवाचा झोत त्याच बाजूने येतो आणि नवख्याला शीड उतरविण्याएवढाही वेळ देत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणालाही पाण्यावर सोडू नये, मग ऊन पडलेले असो. काठावर आणलेल्या होड्यांच्या डोलकाठ्या लगेच काढाव्यात आणि होड्या पालथ्या घालून जमिनीतल्या खुंट्यांना दोन्ही बाजूंनी बांधाव्यात. ३५ किलोची ऑप्टिमिस्ट वाऱ्याने काठावरून सहज उडते. बोलावण्याचा निर्णय त्या दिवशी पाळी असलेल्या माणसाचा राहील आणि त्याच्याशी कोणी वाद घालणार नाही, हे पाळीच्या तक्त्याखाली ठळक अक्षरांत लिहून ठेवावे.