‘एकट्याला गिट कशाला?’ या धाग्यास उत्तर

कर्वेनगरकर: परवा येथे एका सदस्याने ठामपणे लिहिले की, एकट्याने काम करणाऱ्याला गिटची, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीची, गरज नाही, संध्याकाळी पेनड्राइव्हवर फोल्डर घ्यावे, घरी उतरवावे, झाले. हे मी तीन वर्षे केले आहे, म्हणून राहवत नाही. माझ्या पेनड्राइव्हवर ‘हिशेब_नवा’, ‘हिशेब_नवा_२’ आणि ‘हिशेब_खरा_नवा’ अशी तीन फोल्डरे नांदत होती. रात्री दोनपर्यंत जागून दुरुस्त केलेली करआकारणीची फाइल मी सकाळी हिंजवडीच्या ऑफिसात पोचल्यावर उलट दिशेने कॉपी करून स्वतःच्या हाताने पुसली. गिटने असा पुश (आपल्या नोंदी सामाईक साठ्यात पाठवणे) नाकारला असता आणि तिकडचे काम आधी घ्या, असे बजावले असते. पेनड्राइव्ह मुकाट्याने सगळे गिळतो.

पेनड्राइव्हवाला: तो सदस्य मीच. तुमची डुलकी लागली, यात पेनड्राइव्हचा काय दोष? गिट २००५ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यासाठी (कर्नेलसाठी), म्हणजे जगभर विखुरलेल्या शेकडो लोकांच्या कामासाठी लिहिले. शिवाय सहाची बस गाठायची असते तेव्हा कोड धड कंपाइलही होत नसतो. तो कमिट करून, म्हणजे गिटमध्ये नोंदवून, इतिहासात ‘चालू काम’, ‘आणखी चालू काम’ अशी रांग लावायची का?

आढावेकरी: नेमके! इतरांचा कोड तपासताना अशा एकोणीस नोंदी वाचत बसण्याचे काम माझ्या वाट्याला येते. अर्धवट कोड कमिट करणाऱ्याने आधी घरचे अर्धवट जेवण पाहुण्यांना वाढून पाहावे.

कर्वेनगरकर: अहो, पाहुण्यांना कोण वाढते आहे? स्वतःच्या शाखेवर, म्हणजे मुख्य कोडपासून वेगळ्या फाट्यावर, हवे तेवढे सांडावे आणि पाठवण्यापूर्वी सगळ्या नोंदींची एकच करावी. नोंदी नव्याने मांडणारा रिबेस त्यासाठीच आहे.

आढावेकरी: रिबेसचे गोडवे मला सांगू नका. घरी नोंदी एकत्र करून मी फोर्स पुश केला, म्हणजे साठ्यातल्या जुन्या नोंदींच्या जागी नवी नोंद लादली, आणि सकाळी ऑफिसात सवयीने पुल केले, म्हणजे साठ्यातले बदल आणून तेथल्या कामात मिसळले. तेथल्या जुन्या नोंदी नव्या नोंदीशी भिडल्या आणि मी माझ्याच ओळींशी दुपारपर्यंत भांडत बसलो.

जुना जाणता: तेथे पुल करायचे नसते. फेच करावे (नोंदी फक्त आणाव्यात, मिसळू नयेत), ऑफिसातल्या यंत्रावर न पाठवलेले काही उरलेले नाही याची खात्री करावी आणि मगच हार्ड रीसेट करून यंत्रावरचे काम आणलेल्या नोंदींसारखे करावे. तो आदेश विचारत नाही, पुसतो. बरे, कमिटला लाजून स्टॅश करणाऱ्यांचे, म्हणजे अर्धवट काम त्याच यंत्रावर बाजूला ठेवणाऱ्यांचे, काय होते, तेही ऐका. मी गुरुवारी दुपारी स्टॅश करून निघालो, घरी पुल केले आणि हाती काहीच आले नाही, कारण स्टॅश साध्या पुशबरोबर जात नाही. सगळे काम हिंजवडीतल्या बंद यंत्रावर आणि मी कोथरूडला! तेव्हापासून निमूटपणे ‘चालू काम’ लिहितो.

पेनड्राइव्हवाला: म्हणजे तिघेही तोंडघशी पडलात आणि वेडा मी! शिवाय माझा कोड मला परक्याच्या सर्व्हरवर ठेवायचा नाही.

जुना जाणता: मग ठेवू नका. गिट आणि गिटचे साठे ठेवणारे गिटहब हे संकेतस्थळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या लाडक्या पेनड्राइव्हवरच बेअर रिपॉझिटरी (फक्त नोंदींचा इतिहास ठेवणारा साठा) करा आणि दोन्ही यंत्रांवरून तिलाच पुश-पुल करा. इंटरनेटही लागत नाही. पेनड्राइव्ह हरवला, तरी पाठवलेला इतिहास पाठवणाऱ्या यंत्रावर असतोच. मात्र कोड ऑफिसचा असेल, तर घरी नेण्याची लेखी परवानगी आधी घ्या. आमच्याकडे यूएसबी उगाच बंद केलेले नाही.

पेनड्राइव्हवाला: कोड माझा स्वतःचा आहे, धन्यवाद. बेअर रिपॉझिटरीचे ठीक आहे, करून पाहतो. म्हणजे पेनड्राइव्हच लागतो हे शेवटी तुम्हीही मान्य केलेत. कमिटच्या संदेशात मात्र मी ‘बस सुटते आहे’ असेच लिहिणार.

आढावेकरी: खुशाल लिहा. माझ्याकडे आढाव्याला पाठवू नका, म्हणजे झाले.