टँकरचं पाणी सगळ्यांनीच पिलं, मग जुलाब दोघांनाच का?

गेवराईकर:
आमच्याकडं आठ दिवसाला टँकर येतो, घरचे सगळे एकाच हौदाचं पाणी पितो. परवापासून आप्पाला अन दोन वर्षाच्या पोरीला जुलाब लागलेत, अन माय तेच पाणी पिऊन ठणठणीत, उन्हात काशा वेचायलीय. असं कसं? शेजारचे म्हणायले दोघांना पाणी पाजणंच बंद करा, आपोआप थांबतंय.

लॅबवाला_नांदेड:
पाणी बंद करू नका, पैले हे. आप्पा ॲसिडिटीची गोळी रोज घेतेत का? जठरातल्या ॲसिडमधे बरेच जंतू मरतेत, गोळीनं ते कमी झालं की जंतूंना रान मोकळं. माय जन्मभर आडाचं पाणी पिलेली, तिच्या आतड्याला यातले काही जंतू ओळखीचे असतील, तिथल्या पेशी आयजीए नावाची अँटीबॉडी (जंतूंना चिकटणारं प्रथिन) आतड्याच्या चिकट थरात सोडतेत, जंतू त्यातच अडकून बाहेर जातेत. पोरीची ही ओळख अजून व्हायचीय. बाकी कोणाच्या तांब्यात किती जंतू आले हेबी आहेच, शिगेलाचे (रक्ती आवेचा जंतू) १०-१००सुद्धा पुरतेत, कॉलऱ्याला लाखोनं लागतेत.
अन सगळे जंतू सारखं आजारी पाडत नाहीत. कॉलऱ्याचा आतड्याच्या भिंतीत शिरतच नाही, नुसतं विष सोडतो अन आपल्याच पेशी मीठपाणी बाहेर ओतायला लागतेत (हे विष कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी १९५९ ला सशाच्या आतड्यावर दाखवलं). शिगेला मात्र भिंतीत घुसतो, मग पांढऱ्या पेशी धावून येतेत अन त्या मारामारीत रक्त-आव पडते, म्हणजे थोडी नासधूस आपल्याच फौजेची.

आशाताई_परळी:
ते सगळं खरंय दादा पण पोरीला ओआरएस दिलं का? जुलाबातबी साखर अन मीठ जोडीनं आत घेणारी आतड्याची वाट चालू राहते अन त्यांच्यामागं पाणी जातं, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा हे बरं. चमच्या-चमच्यानं द्या, झिंकची गोळी १४ दिवस. जुलाब बंद व्हायची गोळी लेकराला अजिबात नको. रक्त पडलं, लघवी होईना, डोळे खोल गेले, पोरगी मलूल पडली तर तडक दवाखाना.

गेवराईकर:
आप्पा ३ वर्षांपासून घेतेत गोळी, हौ. पोरीला सकाळीच दिलंय, पण अर्धं पाकीट तांब्याभर पाण्यात अंदाजानंच टाकलं.

आशाताई_परळी:
सांडून द्या ते. १ लिटरची बाटली मोजून घ्या, पाणी उकळून गार करा, १ लिटरवालं मोठं पाकीट पूर्ण टाका. उद्या सकाळी उरलेलं फेकून नवीन करा.