कॅलिफोर्नियात जड ट्रॅव्हल ट्रेलर ओढण्यासाठी कोणता परवाना लागतो?

प्रश्न: आमच्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या, राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरच्या) पाटीवर कमाल वजनमर्यादा 11,200 पौंड आहे, मात्र रिकामा असताना तो 8,900 पौंडच भरतो. नेहमीचा क्लास सी परवाना पुरेल का?

उत्तर: नाही. परवाना ठरवताना काट्यावरचे वजन नव्हे, तर उत्पादकाने पाटीवर नोंदवलेली मर्यादा पाहतात. ती 10,000 पौंडांहून अधिक असल्याने आपल्याला अव्यावसायिक क्लास ए परवाना घ्यावा लागेल.

दुसरे उत्तर: फिफ्थ व्हील (पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडला जाणारा ट्रेलर) असता, तर 15,000 पौंडांपर्यंत क्लास सी परवान्यावर विशेष नोंद करून घेऊन भागले असते.

तिसरे उत्तर: हिचवरचा, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या सांध्यावरचा, भारही मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. तो भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा. कमी पडल्यास वेगात ट्रेलर डोलू लागतो, म्हणून सामान भरल्यावर एकदा काट्यावर वजन करून घ्यावे.