फोंडाघाटात पिकअप ओढत नाही, काळा धूर. टर्बो गेला म्हणायचा का?

देवगडचा पिकअपवाला

नमस्कार मंडळी. जरा घाईत आहे, पण सगळं नीट लिहितो, म्हणजे परत परत विचारायला नको.

पिकअप २०१८ ची, बीएस-४, अडीच लिटरचं टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा). १ लाख ६४ हजार किलोमीटर झालेत. आंब्याच्या दिवसांत कोल्हापूरला पेट्या नेतो, बाकी वर्षभर चिरे, खत, मिळेल ते भाडं. ६५ पेट्या म्हणजे साधारण सव्वा टन. मागच्या सीझनला एवढंच वजन घेऊन फोंडाघाट तिसऱ्या गिअरवर चढायची, वळणापुरता दुसरा टाकावा लागायचा. गेले आठ दिवस अख्खा घाट दुसऱ्यावर, आणि वरच्या चढाला चक्क पहिला. पाय दाबला की मागे इतका काळा धूर की मागचा ड्रायव्हर डिपर मारतो. रिकामी आणि सपाटीला काहीच जाणवत नाही. ॲव्हरेज बाराचं साडेनऊवर आलंय.

टर्बोची शिट्टी पूर्वीसारखीच येते, पण दोन हजार आरपीएमच्या पुढे तिच्यासोबत फस्स असा वारा सुटल्याचा आवाज येतो. खिडकी उघडी असली आणि बाजूला डोंगराची भिंत असली की स्पष्ट ऐकू येतो. परवा घाटात इंजिनाचा दिवा लागला, गाडीने जोर सोडला. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली तर पुन्हा ठीक.

एअर फिल्टर बदलला. चिऱ्याच्या खाणीवर जाणारी गाडी, जुना फिल्टर लाल मातीने भरला होता, पण नवीन घालूनही फरक नाही. डिझेल फिल्टरही नवा. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगितलं, टर्बो गेला, ३२ हजार, आणि दोन दिवस गाडी ठेवा. पैसे कुठून तरी उभे करीन हो. पण एप्रिलमध्ये दोन दिवस गाडी उभी म्हणजे माझ्यासोबत तीन बागायतदारांचा माल अढीत पिकत बसणार. ज्यांनी विश्वासाने पेट्या दिल्यात त्यांना काय सांगू?

घरी पाना सेट आहे, हवा भरायचा लहान कॉम्प्रेसर आहे, भाच्याकडे ब्लूटूथचा स्कॅनर आहे. टर्बो खरंच गेलाय की नाही हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

घाटमाथा

दादा, माझ्याही गाडीला ओढ नव्हती. पाच हजारांचा जादा डिझेल सोडणारा बॉक्स बसवला, डिझेलचा दाब मोजणाऱ्या रेलच्या सेन्सरला जोडतात. अर्ध्या तासाचं काम. घाटात फरक लगेच जाणवतो. टर्बो उघडण्याआधी हे करून बघ.

उद्यमनगरचा फिटर

भावा, बॉक्सचा विषय आधी डोक्यातनं काढ. घाटमाथावाल्यांच्या गाडीत हवा पुरेशी असणार, म्हणून त्यांचं चाललं. तुझं तसं न्हाई. काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर आणि हवा कमी. बॉक्स डिझेलच वाढवणार, हवा हाय तेवढीच राहणार. मग धूर आणखी वाढतो, एक्झॉस्टची गरमी वाढते, आणि आज जो टर्बो चांगला असेल तोच भर घाटात जळतो. पीयूसीला नापास होशील ते वेगळंच. असल्या गाड्या मी उघडल्यात. पिस्टनचा माथा वितळलेला बघितलाय.

आता तुझी गाडी. शिट्टी येते म्हणजे टर्बो फिरतोय. निळा धूर असता तर मी तेलाकडं बघितलं असतं. काळा धूर, फस्स आवाज आणि फक्त लोडवर ओढ जाणं, हे तिन्ही एका ठिकाणी बोट दाखवतात: टर्बोनं दाबलेली हवा इंजिनापर्यंत पोचायच्या आत वाटेत सुटतीय. टर्बो ते इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते इंजिन, या रबरी पाईपांत बघ.

तरी टर्बोला हात लावून खात्री कर. इंजिन थंड पाहिजे, चावी खिशात पाहिजे. हवा आत जायचा पाईप काढ आणि आतला पंखा बोटानं फिरव. मोकळा फिरला पाहिजे. शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, त्यामुळं आडवा केसाएवढा हलला तर घाबरू नको. आत-बाहेर मात्र अजिबात हलता कामा नये. पात्यांची टोकं आणि भोवतीची भिंत टॉर्चनं बघ, घासल्याच्या चकचकीत रेघा असल्या तर टर्बो गेला. पाईपात तेलाचा ओलसर थर असतोच, इंजिनाच्या ब्रीदरची, म्हणजे पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीची, वाफ तिथंच येते. तेल साचलेलं असलं तरच काळजी.

आणि एक ध्यानात ठेव. पाईप काढलेला असताना इंजिन चालू करायचं न्हाई. तो पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, फडकं ओढतो, बोटही ओढतो. इंजिन चालू असताना इंजेक्टरचे नळ सैल करायचे न्हाईत. जुन्या पंपाच्या गाडीत आपण करायचो, ते दिवस गेले. आताच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या नळीत, हजार बारच्या वर दाब असतो, डिझेलची धार कातडीतनं आत घुसते. दिसायला टोचल्याएवढी खूण, पण हात गमवायची वेळ येते.

पाईपांत हवा भरून साबणाच्या पाण्यानं बघ. टर्बोकडं हवा जायच्या पाईपाचं तोंड बंद करून त्यातनं हवा भरायला टोपी घरी बनव, पाण्याच्या पाईपाची चालते. पंधरा पीएसआयच्या वर जाऊ नको. ब्रीदरचा पाईप वेगळा करून त्याचं तोंड बंद कर, न्हाईतर हवा इंजिनाच्या पोटात जाऊन सीलं फुगतील.

रत्नागिरी डिप्लोमा

फिटर मामांनी सांगितलंय तेच करा. फक्त स्कॅनर आहे म्हणताय तर गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड खोडण्याआधी वाचून ठेवा. पी ०२९९ आला असेल तर त्याचा अर्थ हवेचा दाब कमी पडतोय एवढाच. टर्बो बदला असं तो कोड म्हणत नाही, पण बरेच जण तसंच वाचतात.

दुसरं, मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा बघा. चावी ऑन, इंजिन बंद असताना देवगडात १०० किंवा १०१ किलोपास्कल दिसला पाहिजे, कारण तो बाहेरच्या हवेचाच दाब. कोल्हापुरात तोच ९५ च्या आसपास दिसेल. हे बरोबर आलं तर सेन्सरवर विश्वास ठेवा. मग चढाला पूर्ण पाय दाबलेला असताना आकडा कुणालातरी शेजारी बसवून वाचायला सांगा, तुम्ही स्वतः बघू नका. त्यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा केला की टर्बोचा खरा दाब मिळतो. भरलेल्या गाडीला स्कॅनरवरचा आकडा, वजाबाकी न करता, दोनशेच्या पुढे जायला हवा.

टर्बोच्या ॲक्च्युएटरची, म्हणजे त्याचा दाब कमी-जास्त करणाऱ्या डबीची, बारीक नळीही तपासा. तुमच्यात तो व्हॅक्यूमवर ओढला जातो की टर्बोच्या दाबावर ढकलला जातो ते आधी ओळखा. व्हॅक्यूमवाल्यात नळी फाटली तर दाब कमी पडतो. दाबावर चालणाऱ्यात नळी फाटली तर उलट दाब जास्त होतो. पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर या नळ्या कुरतडतात, आमच्याकडे दोनदा झालंय.

देवगडचा पिकअपवाला

मामा, भाऊ, सापडलं! सविस्तर लिहितो, कारण मला इथे कुणी लिहून ठेवलेलं आधी मिळालं असतं तर आठ दिवसांचं डिझेल वाचलं असतं.

कोड पी ०२९९ च होता. चावी ऑनवर १०१. संध्याकाळी भाच्याला शेजारी बसवून शिरगावच्या चढाला ३० पेट्यांएवढे चिरे घालून गेलो. पूर्ण पाय दाबून १३८. म्हणजे टर्बोचे जेमतेम ३७ किलोपास्कल.

सकाळी थंड इंजिनावर पंखा बघितला. बोटाने सुळकन फिरला. आडवा किंचित हलतो, आत-बाहेर नाही, पाती स्वच्छ. तिथेच जीवात जीव आला.

मग ६३ एमएमची पीव्हीसीची टोपी घेतली, मधोमध भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह नटने आवळला. टोपी टर्बोच्या तोंडाच्या रबरी पाईपात घालून वरून क्लिप. पहिल्यांदा क्लिप ढिली राहिली आणि आठ पीएसआयला टोपी सुटून माडाच्या बुंध्यावर आपटली. समोर तोंड करून उभे राहू नका. दुसऱ्यांदा घट्ट बसवली, बारा पीएसआयवर ठेवली. शाम्पूची पुडी अर्ध्या बादलीत फेटून भाचा ब्रशने लावत गेला.

वरून सगळे पाईप कोरडे ठणठणीत. चीर खाली होती. टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा पाईप बॅटरीच्या ट्रेच्या पट्टीला टेकतो, तिथे घासून घासून बोटाच्या दोन पेरांएवढी फाटलाय. हवा नसताना ओठ मिटल्यासारखी चीर मिटते, हाताने चाचपडूनही कळत नाही. हवा भरली की उघडते. आधी बारीक फेस आला, मग बुडबुडे भराभर एकावर एक, आणि घाटात ऐकू येणारा तोच फस्स आवाज. त्या जागी लाल माती तेलाने ओली होऊन चिकटलेली होती. ही खूण मी फिल्टर बदलताना बघितली होती आणि फडक्याने पुसून टाकली होती. तिथेच थांबून बघायला हवं होतं.

इंजिनाकडच्या टोकाची क्लिपही गेलीय. आमच्याकडचा खारा वारा, दात गंजून स्क्रू नुसता फिरतो. तिथूनही फेस येत होता.

कणकवलीत पाईप नाही, कोल्हापुरात मिळेल म्हणतात. आज रात्री ४० पेट्या जायच्याच आहेत. काय करू?

उद्यमनगरचा फिटर

शाब्बास! आज रात्रीपुरतं असं कर. पाईप काढून बाहेरनं पेट्रोलनं पूस, तेलकटपणा जाऊ दे, नीट वाळव. सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी काप, ताणून ताणून अर्धी अर्धी वर चढवत चार थर गुंडाळ, चिरेच्या दोन्ही बाजूंना क्लिप. घाट दुसऱ्यावरच चढ, पाय अर्धाच ठेव. एका फेरीपुरतं हाय, याच्यावर दुसरी फेरी करायची न्हाई.

रेडिएटरचा पाईप मापाला बसतो म्हणून कुणी देईल, घेऊ नको. गरम हवा आणि तेलाची वाफ त्याला आतनं फुगवते. साधा निळा सिलिकॉनचाही तेल पाझरतो, आतनं तेलाला टिकणारं अस्तर असलेला माग. नवीन बसवताना ट्रेच्या पट्टीवर रबराचा तुकडा घाल, न्हाईतर वर्षानं परत तेच. आणि क्लिप स्टेनलेसची.

देवगडचा पिकअपवाला

काल रात्री ४० पेट्या घेऊन सुखरूप पोचलो. सौदा आटोपल्यावर पाईप आणला, १,४५० रुपये, दोन क्लिपा १८०. मार्केट यार्डातच गाडीखाली पोतं पसरून बसवला, पाऊण तास लागला. पट्टीवर जुन्या टायरचा तुकडा बांधलाय.

आज ६५ पेट्या. फोंडाघाट तिसऱ्यावर. भाचा आकडे वाचत होता, २१०, २१६, २२४. आरशात धूर नाही. दाजीपूरला थांबून भाचा खाली उतरला आणि सायलेन्सरकडे जाऊन बघून आला, इतका खूश.

मामा, अजून एक विचारतो. उघडलंच होतं तर इंजिनाकडच्या तोंडात बघितलं, काजळी डांबरासारखी जाड बसलीय. ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करून टाक असं दोघांनी सांगितलं. करू का?

उद्यमनगरचा फिटर

बंद नको, साफ कर. सीझन संपला की जूनमध्ये व्हॉल्व्ह काढ, कार्ब क्लीनर आणि मऊ ब्रश, सुईनं खरवडू नको, आणि गास्केट नवं घाल. काजळी निम्मी तरी या फाटक्या पाईपामुळं झाली असणार, आता हळू बसेल.

घाट चढून वर थांबलास तर लगेच चावी काढू नको. मिनिट-दोन मिनिटं नुसती चालू ठेव, टर्बो लालभडक असतो आणि तेल बंद झालं की आतलं तेल तिथंच जळून बसतं. आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर दोन्ही क्लिपा एकदा पान्यानं बघ. नवं रबर बसतं, क्लिप सैल पडते.